तिसऱ्या गाण्यातला अर्धा ठोका

माझे नाव ओळखपत्रावरून नोंदवहीत उतरवून घेतले आहे. ओळखीतले सगळे मला ताई म्हणतात. वय ५४ वर्षे. व्यवसाय ध्वनिमुद्रण, सध्या लिफ्ट, पार्किंग आणि फोनवरच्या सूचनांसाठी आवाज देते व रेकॉर्ड करते. राहणार फर्निचरच्या कारखान्यावर, पहिला मजला, जिना मागच्या बाजूने.

मी कोणीही न बोलावता स्वतः ठाण्यात हजर राहून जबाब देते की,

आज दिनांक १९, गुरुवार रोजी सकाळी साडेनऊ वाजता, बँडची ती पाच अप्रकाशित गाणी इंटरनेटवर टाकणाऱ्या माणसाने माझ्यासमोर कबूल केले की गाण्यांची कॅसेट त्याला माझ्या खोलीतून, माझ्या हातून मिळाली. हा माणूस लॉन्ड्री चालवतो. बँडच्या चाहत्यांच्या ग्रुपवर तो ‘बी बाजू’ या नावाने लिहितो. कबुली दिली तेव्हा त्याच ग्रुपमधल्या, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एक बाई तिथे हजर होत्या. दोघेही आत्ता ठाण्याच्या बाहेर बाकावर बसले आहेत. कॅसेट मी सोबत आणली आहे.

त्यामुळे गाणी काढणाऱ्या कंपनीच्या गोदामातून मूळ रीळ चोरीला गेले आणि ते बँडच्या बेसवाल्याने, म्हणजे बेस गिटार वाजवणाऱ्याने, चोरले, अशी जी तक्रार या ठाण्यात दाखल आहे, ती चुकीची आहे. हे मला माहीत कसे, ते सांगते.

चोवीस वर्षांपूर्वी माझा स्वतःचा छोटा स्टुडिओ होता. आजची राहती जागा तीच. खाली रंधा चालू असला की वर रेकॉर्डिंग करता येत नसे, म्हणून कारखान्याच्या सुटीच्या दिवशी काम घ्यायचे. सदर बँडने माझ्याकडे लागोपाठ दोन सुट्यांच्या दिवशी पाच गाण्यांचा डेमो केला. डेमो म्हणजे कंपनीला ऐकवण्यासाठी केलेले कच्चे मुद्रण. बँडमध्ये चौघे होते: गायक, गिटारवाला, बेसवाला आणि ड्रमवाला. ड्रमवाला माझा धाकटा भाऊ.

मूळ रीळ कंपनीला दिले. चौघांना एकेक कॅसेट करून दिली. त्याआधी एका दुसऱ्या बँडच्या गाण्यांची प्रत बाहेर गेली होती आणि कोणाची गेली ते शेवटपर्यंत कळले नव्हते. सगळ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवले आणि शेवटी माझ्याकडे. तेव्हापासून मी एक पद्धत ठेवली होती. प्रत काढताना शेवटचे गाणे संपले की आठ सेकंद थांबायचे आणि माईकजवळ टेबलाच्या कडेवर पेन्सिल आपटायची. गायकाच्या प्रतीवर एकदा, गिटारवाल्याच्या दोनदा, बेसवाल्याच्या तीनदा, ड्रमवाल्याच्या चारदा. मूळ रिळावर ही टकटक नाही. मी हे कोणालाही सांगितलेले नव्हते, भावालाही नाही. माझ्या त्या वर्षीच्या डायरीत नोंद आहे. डायरी हजर करत आहे.

भावाबद्दल विचारल्यावरून सांगते की, तो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान होता. रेकॉर्डिंगनंतर सव्विसाव्या दिवशी बाहेरगावचा कार्यक्रम करून परत येताना बँडच्या गाडीला अपघात झाला. बाकी तिघे वाचले. त्याची कॅसेट त्याच्या बॅगेत होती. बॅग परत मिळाली नाही. याबाबत आणखी सांगण्यासारखे काही नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी बेसवाला माझ्याकडे आला. त्याच्या टेपरेकॉर्डरने त्याची कॅसेट खाल्ली होती. तिसऱ्या गाण्यात एका जागी टेप चुरगळून तुटली होती आणि बाहेरचे कवचही तडकले होते. तो म्हणाला, “ताई, हिला जगवा. रोज ऐकतो, म्हणून ही गत झाली.” मी ठेवून जा म्हटले.

मी त्याच दिवशी ती दुरुस्त केली. चुरगळलेला सुमारे दीड सेंटीमीटरचा तुकडा ब्लेडने कापला, दोन्ही टोके पट्टीने जोडली आणि टेप नव्या, पारदर्शक कवचात घातली. दीड सेंटीमीटर म्हणजे ऐकताना साधारण अर्धा ठोका. जोड नीट बसला की नाही पाहण्यासाठी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा ऐकली. दुसरे गाणे संपल्यावर आणि तिसरे सुरू होण्याआधी माझ्या भावाचा आवाज आहे. तो म्हणतो, “ताई, चालू झालं का? का मी नुसताच घाम गाळतोय?”

पुढच्या आठवड्यात बेसवाला कॅसेट न्यायला आला तेव्हा मी त्याला सांगितले की ती दुरुस्त होण्यासारखी नव्हती, फेकून दिली.  तो “बरं, ताई” म्हणून जिना उतरला. भावाची आणि त्याची शाळेपासूनची दोस्ती होती.

ती कॅसेट मी टेबलाच्या खणात ठेवली. तिला लेबल लावले नाही. माझ्या स्टुडिओत लेबलाशिवाय एकही कॅसेट नसे. लेबल नाही ती कॅसेट रिकामी, हा माझाच नियम होता आणि माझ्याकडे काम शिकून गेलेल्या सगळ्यांना तो पाठ होता. या एका कॅसेटवर काय लिहायचे ते मला ठरवता आले नाही. नंतर कधी मी ती ऐकलीही नाही.

वर्षभराने कंपनीने ती गाणी न काढण्याचे ठरवले आणि सगळ्यांकडून प्रतींबाबत एका कागदावर सह्या घेतल्या. बेसवाल्याने लिहिले, “माझी प्रत खराब होऊन नष्ट झाली.” मी लिहिले, “स्टुडिओत एकही प्रत शिल्लक नाही.” तो कागद कंपनीने तक्रारीसोबत जोडला असल्याचे समजते. त्याने लिहिले ते त्याला खरे वाटत होते. मी लिहिले ते खोटे होते, हे मला सही करतानाही माहीत होते.

आता कॅसेट बाहेर कशी गेली ते सांगते. मला आता आवाज देण्यासाठी एवढीशी जागा पुरते. जुनी टेप मशीन पडून होती. कारखान्याच्या फाटकावर मी चिठ्ठी लावली, “जुने टेप डेक, चालू स्थितीत, न्यायला येणाऱ्यास फुकट.” गेल्या महिन्याच्या तिसऱ्या रविवारी दुपारी लॉन्ड्रीवाला आला. तो कोण, कुठल्या ग्रुपमध्ये आहे, मला माहीत नव्हते. त्याने डेकला असा हात लावला, जणू नवजात मूल उचलतोय. मला बरे वाटले. मी त्याला टेबलही देऊन टाकले आणि खणातले सामान दोन खोक्यांत काढू लागले, एक माझे, एक त्याचे. त्याच वेळी लिफ्टच्या कंपनीचा फोन आला. सातव्या मजल्याची सूचना त्यांना पुन्हा, जरा हसऱ्या आवाजात हवी होती. मी फोनवर “सातवा मजला, सातवा मजला” म्हणून दाखवत होते आणि दुसऱ्या हाताने खण रिकामा करत होते. त्याने मध्येच खुणेने विचारले, या कॅसेट कसल्या? मी फोनवर हात ठेवून म्हटले, “लेबल नाही त्या सगळ्या रिकाम्या. बिनधास्त वापरा.”

माझी कॅसेट माझ्याच खोक्यात आहे अशी माझी समजूत होती. खोका मी उघडून पाहिला नाही.

या महिन्याच्या ३ तारखेला गाणी इंटरनेटवर आली. मला ९ तारखेला, सोमवारी कळले. मी बँकेत रांगेत उभी होते. माझ्यापुढच्या माणसाचा फोन वाजला. रिंगटोन होता, “ताई, चालू झालं का? का मी नुसताच घाम गाळतोय?” त्याने फोन उचलेपर्यंत तो तीनदा वाजला. मी रांगेतून बाहेर आले. बँकेचे काम त्या दिवशी झाले नाही.

घरी येऊन मी स्वतःची समजूत घातली की मधले बोलणे मूळ रिळावरही आहे, तेव्हा कंपनीच्याच गोदामातून गेले असणार. मी गाणी ऐकली नाहीत. ऐकली असती तर त्याच दिवशी ठाण्यात आले असते, आणि १४ तारखेला बेसवाल्याच्या दुकानाच्या शटरवर जे लिहिले गेले ते गेले नसते. हे मी आपणहून सांगत आहे, विचारल्यावरून नाही.

चाहत्यांच्या ग्रुपवर काय चालले होते ते मला नंतर कवळीवाल्या बाईंनी दाखवले. ग्रुपमध्ये सुमारे चार हजार लोक आहेत आणि ही गाणी आली कुठून, यावर त्यांच्यात दोन तट पडले होते. एका तटाचे पुढारी जमीन मोजणीच्या कार्यालयात नकाशे काढणारे एक गृहस्थ. त्यांचे म्हणणे, गाणी मूळ रिळावरून काढली. गेल्या महिन्यात बँड पुन्हा एकत्र येतोय म्हणून बेसवाला करारावर सह्या करायला कंपनीत गेला होता आणि कंपनीच्या वहीत गोदामात जाऊन आल्याची त्याची नोंद आहे. (तो आपला जुना अँप्लिफायर पाहायला गेला होता.) या गृहस्थांनी गोदामाचा नकाशाही काढून ग्रुपवर टाकला होता, दरवाजापासून कपाटापर्यंत पावले मोजून. प्रत्यक्ष गोदाम त्यांनी कधी पाहिलेले नाही.

त्यांनी लिहिले होते, “कुलूप कंपनीचं, आत गेला एकच माणूस. गणित सरळ आहे.”

कवळीवाल्या बाईंनी, ग्रुपवर त्यांचे नाव ‘चौथी तार’, उत्तर दिले होते, “गणित सरळ आहे, कान वाकडे आहेत. मूळ रीळ असतं तर एवढी खरखर आली असती का? ही कॅसेट आहे, आणि तीही झिजेस्तोवर ऐकलेली.”

“बाई, तुम्ही दातांचं बघा.”

“बघतेच आहे. तुमची बत्तिशी सगळ्यांना दिसतेय.”

मध्ये कोणीतरी लिहिले होते, “तुम्ही दोघं एकमेकांशी लग्न करा आणि ग्रुप मोकळा करा.” त्यावर नकाशेवाल्यांचे उत्तर, “मी विवाहित आहे. कृपया विषयाला धरून बोलावे.”

तिसऱ्या गाण्यात अर्धा ठोका कमी आहे, हेही त्यांना सापडले होते. त्यावरच सव्वाशे संदेश आहेत. ड्रमवाल्याने तो मुद्दाम गाळला, अशी हिंमत आज कोणात नाही, असे बहुतेकांचे मत. ड्रमच्या एका क्लासमध्ये तो गाळलेला ठोका शिकवायलाही सुरुवात झाल्याचे वाचले. माझ्या भावाने ठोका गाळला नव्हता. त्याने तो पूर्ण वाजवला होता. तो मी कापला.

शेवटच्या तीन टकटकींबद्दल कोणी म्हणत होते, ड्रमच्या काठ्या खाली ठेवल्याचा आवाज, कोणी म्हणत होते, दारावर कोणी आले. आणि ‘ताई’ कोण, यावर वेगळाच वाद.

या वादात ११ तारखेला कंपनीने तक्रार केली. १२ तारखेला बेसवाल्याला ठाण्यात बोलावून विचारपूस झाली. १४ तारखेला सकाळी तो दुकान उघडायला गेला तेव्हा शटरवर लाल रंगात ‘चोर’ लिहिलेले होते. त्याचे सायकल विक्री-दुरुस्तीचे दुकान आहे. त्याची मुलगी शाळेत गेलेली नाही, त्या दिवसापासून. बँडचा पुन्हा एकत्र येण्याचा कार्यक्रम २८ तारखेला आहे. तक्रारीत नाव राहिले तर बेसला दुसरा माणूस उभा करू, असे कंपनीने त्याला लेखी कळवले आहे.

१६ तारखेला, सोमवारी संध्याकाळी पाच वाजता, कवळीवाल्या बाई माझ्या दारात आल्या. बँडच्या एका जुन्या मुलाखतीत नाव आलेल्या स्टुडिओचा पत्ता त्यांनी शोधून काढला होता. दार उघडल्यावर त्यांनी नमस्कारही केला नाही. म्हणाल्या, “तुम्ही ताई ना?”

मी म्हटले, “कोणाची?”

त्या म्हणाल्या, “ज्याने विचारलं, चालू झालं का, त्याची.”

मी त्यांना आत घेतले. त्यांनी फोन माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, “एकच सांगा. शेवटी तीनदा वाजतं ते काय आहे? मी कवळ्या बनवते, दातावर दात कसा बसतो ते मला आवाजावरून कळतं. हे मुद्दाम वाजवलंय.” मी गाणी ऐकली. तिसऱ्या गाण्यापाशी मी फोन बंद केला. मग परत चालू करून शेवटपर्यंत ऐकले. तीन टकटक. बेसवाल्याची प्रत. मी त्यांना अर्थ न सांगता फोन परत केला. त्या गेल्यावर मी माझा खोका उघडला. कॅसेट त्यात नव्हती.

टकटकीचा अर्थ नुसता बाहेर पडला असता तर बेसवाल्याची पुरती वाट लागली असती, हे मला समजत होते. मूळ रिळाची चोरी खोटी ठरली असती, पण कॅसेट त्याची ठरली असती, आणि ती नष्ट झाल्याचा त्याच्या सहीचा कागद कंपनीकडे होता. म्हणून त्या कॅसेटची चोवीस वर्षांची हकीकत सांगणे भाग होते आणि ती फक्त मलाच माहीत होती, अशी माझी समजूत होती.

१७ तारखेला, मंगळवारी सकाळी दहा वाजता मी त्याच्या दुकानात गेले. शटर अर्धे वर होते, त्यामुळे अक्षरे वरच्या बाजूला गुंडाळली गेली होती. तो चाकाचे आरे कसत होता. मला पाहून त्याने स्टूल पुसून पुढे केले.

मी म्हटले, “रंग काढला नाहीस?”

तो म्हणाला, “राहू दे. अक्षर चांगलं आहे. आमचा बोर्ड रंगवणाऱ्याने यापेक्षा वाईट काढलं होतं.”

मी त्याला सांगितले की बाहेर आलेली कॅसेट त्याची आहे, मी ती दुरुस्त केली होती आणि त्याच्याशी खोटे बोलले होते. त्याने चाक फिरवले, डगडगतेय का पाहिले, परत एक आरा कसला.

“माहीत आहे, ताई.”

“कधीपासून?”

“तीन तारखेपासून. तिसऱ्या गाण्यात त्याचा ठोका चुकतो. तो कधी चुकलाय का? त्याच जागी माझ्या मशीनने टेप खाल्ली होती.”

“मग पोलिसांना काय सांगितलंस?”

“घर बदलताना हरवली म्हणून सांगितलं.”

“आणि कागदावर नष्ट झाली लिहिलं आहेस. तुला कळतंय का, तू स्वतःच्या गळ्यात फास घालून घेतोयस?”

“मग काय सांगू?” तो म्हणाला. “मला गाणी पाठ आहेत, ताई. बोटांत आहेत. तुमच्याकडे तरी काय होतं?”

मी स्टुलावरून उठले. तो म्हणाला, “तुम्ही यात पडू नका. कार्यक्रम गेला तर गेला. सायकली कुठे जात नाहीत.”

मी त्याला म्हटले, “मी यात पडलेलीच आहे. तू चाक नीट कर.” आणि तिथून निघाले. त्याने मला ठाण्यात यायला सांगितलेले नाही. उलट काल दोनदा फोन करून येऊ नका म्हणाला. हे स्पष्ट लिहून घ्यावे.

डेक नेणाऱ्याचा फोन नंबर मी घेतला नव्हता. पण त्याच्या शर्टाच्या कॉलरला आतून लॉन्ड्रीची चिकटपट्टी होती, निळ्या अक्षरात नंबर घातलेली, आणि माझ्या एका गिऱ्हाइकाच्या कोटालाही तशीच पट्टी पाहिलेली मला आठवत होती. त्यावरून दुकान सापडले. काल, बुधवारी, त्याची सुटी होती. आज सकाळी साडेनऊला मी कवळीवाल्या बाईंना सोबत घेऊन गेले. ग्रुपवरची दुसरी बाजू त्यांनी एकटीने लढवली होती, त्यांनी हे कानाने ऐकावे असे मला वाटले.

तो इस्त्री करत होता. मला पाहून हसला आणि म्हणाला, “डेक मस्त चाललाय, ताई.” मी विचारले, “माझ्याकडच्या कॅसेटमध्ये एक भरलेली निघाली का?” त्याचे हसू गेले. त्याने इस्त्री उभी केली आणि शटर ओढायला निघाला. वर म्हणाला, “आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये ‘दार बंद होत आहे’ म्हणता, ते तुम्हीच ना?”

मी म्हटले, “हो, मीच. आणि हे दार उघडंच राहू दे.”

तो म्हणाला, “ग्रुपचा नियम आहे. माल कुठून आला ते सांगायचं नसतं. सांगितलं तर परत कोणी कोणाला काही देणार नाही.”

“माल जिथून आला ती तुमच्यासमोर उभी आहे. आता नियम कोणासाठी पाळताय?”

कवळीवाल्या बाई म्हणाल्या, “अरे, त्याच्या शटरवर चोर लिहिलं तेव्हा तू ग्रुपवर होतास ना? वाचत होतास ना?”

त्याने शर्टाची बाही सरळ केली. मग म्हणाला, “पंधरा वर्षं ग्रुपवर आहे. मी काही लिहिलं तर दोन माणसं अंगठा दाखवायची. त्या दिवशी चार हजार लोक म्हणाले, बी बाजू, तू देव आहेस. आधी वाटलं, उद्या सांगू. मग तक्रार झाली. मग भीती वाटली.” तो पुढे म्हणाला की मी रिकाम्या म्हणून दिलेल्या कॅसेट तो एकेक वाजवून तपासत होता, तेव्हा ही निघाली. बँड त्याने पहिल्या चार सुरांत ओळखला. ती माझ्याकडून चुकून आली हे त्याला कळले होते, पण ती परत करावी असे त्याला वाटले नाही.

कॅसेट त्याने नव्या शर्टाच्या घडीत, पुठ्ठ्याच्या आत जपून ठेवली होती. ती त्याने माझ्या हातात दिली. त्याने ती चोरलेली नाही. मी स्वतः दिली. त्याने गप्प राहायला नको होते, एवढेच माझे त्याच्याबाबत म्हणणे आहे. ठाण्यात येताना त्याने स्वतःहून शटर ओढले आणि आमच्यासोबत चालत आला.

विचारल्यावरून सांगते की, हजर केलेली कॅसेट पारदर्शक कवचाची आहे, लेबल नाही. तिसऱ्या गाण्याच्या जागी टेपला मागून पांढरी जोडपट्टी आहे, ती उजेडात धरल्यास दिसते. कापलेला तुकडा डायरीच्या त्या दिवसाच्या पानाला चिकटवलेला आहे. तो फेकता आला नव्हता. त्याची दोन्ही टोके टेपच्या टोकांशी जुळतात की नाही, ते आपल्या तज्ज्ञांनी पाहावे. मूळ रिळाला असा जोड नाही आणि शेवटी टकटकही नाही. कंपनीने गोदामातील रीळ हजर केल्यास खात्री होईल. ते चोरीला गेले असल्याचे कंपनी म्हणते. माझ्या मते ते जागेवर असावे, कोणी कपाट नीट उघडलेले नसावे.

माझा हा जबाब माझ्याविरुद्धही वापरला जाऊ शकतो, कंपनीला दिलेल्या खोट्या कागदाबाबत कारवाई होऊ शकते, हे मला समजावून सांगण्यात आले आहे. ते मला मान्य आहे. जबाब मागे घेण्याचा माझा विचार नाही आणि उद्याही नसेल.

लिहिलेला जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. एका ठिकाणी मी थांबवले. “कॅसेट दुरुस्त न झाल्याबाबत बेसवाल्यास कळवले” असे लिहिले गेले होते. ते खोडून “बेसवाल्यास खोटे सांगितले” असे करण्यास सांगितले, त्याप्रमाणे केले आहे व बाजूला माझी सही आहे. बाकी जसे सांगितले तसेच उतरले आहे.

उद्या, शुक्रवारी सकाळी अकरा वाजता बेसवाल्याला पुन्हा बोलावले आहे. त्याच्यासमोर कॅसेट वाजवून ओळख पटवून घेतली जाणार आहे. कंपनीचा माणूसही गोदामातील कपाटाची किल्ली घेऊन येणार असल्याचे सांगण्यात आले. ठाण्यात कॅसेट वाजवण्याचे मशीन नाही. लॉन्ड्रीवाला माझा जुना डेक उचलून आणायला तयार आहे. ओळख पटल्यावर कॅसेट पाकिटात सील होईल. प्रकरण संपल्यावर ती मला न देता बेसवाल्याला परत द्यावी, अशी माझी विनंती आहे. लेबल मी आज रात्री लिहून आणते.

मशीन दुसऱ्या कोणी हाताळू नये, टेप जुनी आहे. मी पावणेअकराला येईन. चालू मी करेन.